पाच सायप्रस, चार माणसं

ला फाब्रेग, ४ ऑक्टोबर २००४

एव्हलीन,

हे हस्ताक्षर तू ओळखणार नाहीस. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी मागाली. 'आई' लिहायची सवय राहिलेली नाही, म्हणून नाव लिहिलं. त्यात आणखी काही शोधू नकोस.

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. पण आधी थोडी माहिती देते. ती तुला आधीपासून असेल, तर कोणाकडून मिळाली हेही कळवावंस.

मेमे जिवंत आहे. तुझी आजी, माझी पणजी. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते आणि एका कानानं ऐकत नाही, तेही सोयीनं. जानेवारीत तिला एकशे तेरा पूर्ण होतील. उन्हाळ्यात कुठेतरी ब्रतान्यमध्ये एक म्हातारी वारली आणि तेव्हापासून मेमे देशात सर्वांत वयस्क आहे. गावाला नवा, तरुण मेयर मिळाला आहे. त्याला चौकाला तिचं नाव द्यायचं आहे. लिओंहून एक डॉक्टर व्हर्दिये म्हणून येतात, अतिवृद्ध माणसांचा अभ्यास करतात. सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा येऊन गेले. वीस नोव्हेंबरला पुन्हा येणार, तिचं रक्त घेणार, घरच्यांशी बोलणार आणि मग तिचं वय पक्कं झालं असं जाहीर करणार. घरचे म्हणजे आता मी एकटीच.

जाताना अंगणात बॅग बंद करत ते मला म्हणाले, "तुमच्या आईचं या बाबतीत काही वेगळं म्हणणं होतं, असं ऐकलं."

मी विचारलं, कोणाकडून. ते म्हणाले, "सहज कानावर आलं."

अशा गोष्टी सहज कानावर येत नाहीत. मेयर तेव्हा इथे नव्हता. आबेल आजोबा सहा वर्षांपूर्वी गेले. ज्या जेवणात तू ते बोललीस, त्या मेजावरची बाकी माणसं एकतर मेली आहेत किंवा या विषयावर तोंड उघडत नाहीत. तू उरतेस. म्हणून प्रश्न: डॉक्टरांना तू कळवलंस का?

ते जेवण मला आठवतं. मेमेचा त्र्याण्णवावा वाढदिवस. तिला आदल्या आठवड्यात ताप होता आणि परिचारिका म्हणून तू तिला अंघोळ घालत होतीस. केक आला तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस की ही बाई त्र्याण्णवची नाही आणि हिनं कधी मूल जन्माला घातलेलं नाही, मग माझ्या वडिलांची आई ही कशी? आजोबांनी सुरी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. मला सांगण्यात आलं की आईचं डोकं ठिकाणावर नाही, बरी झाली की येईल. दर नव्या वर्षी लीलहून तुझं कार्ड यायचं. त्यावरच्या अक्षरात मी आजाराच्या खुणा शोधत असे.

उत्तर थोडक्यात दिलंस तरी चालेल.

मागाली

—

ला फाब्रेग, १७ ऑक्टोबर

एव्हलीन,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. 'मी कोणालाही काही कळवलेलं नाही. झाडं मोज, मग माणसं मोज.'

पहिलं वाक्य मी तूर्तास खरं धरते. दुसऱ्याचा मला राग आला. कोडी घालायला आपल्यात तेवढी ओळख नाही. पण मी वनखात्यात तंत्रज्ञ आहे, झाडं मोजणं हेच काम आहे. शनिवारी वरच्या मळ्यात गेले.

आपल्या घरातली माणसं आपल्याच जमिनीत पुरलेली आहेत, दगडावर नाव नाही, प्रत्येकाच्या उशाशी एक सायप्रसचं झाड. सगळ्या खोऱ्यात प्रोटेस्टंट घरांचं असंच असतं, त्यामुळे ते मोजावंसं कधी वाटलं नाही. आता मोजलं. पणजोबा साम्युएल. त्यांचे आई आणि वडील. आबेल आजोबा, त्यांचं झाड अजून माझ्या खांद्याएवढं आहे. आजी तिच्या माहेरच्या मळ्यात आहे, ती यात येत नाही. माणसं चार. झाडं पाच. पाचवं खालच्या भिंतीजवळ, इतरांपासून जरा सुटं.

शेजारच्या एमीलकाकांना विचारलं. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि दिवसभर मेमेच्याच स्वयंपाकघरात असतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले, "ते खेचराचं. आबेलचं लाडकं होतं."

"खेचरासाठी सायप्रस लावतात?"

"तुझ्या आजोबाला कोण सांगणार? हट्टी माणूस."

"खेचराचं नाव काय होतं?"

"खेचराला नाव कशाला लागतं गं? हाक मारली की थोडंच येतं ते."

तासाभरात पावाची गाडी आली. गाडीवाल्या सिल्वेटला सहज विचारलं. तीही तेवढ्याच झटपट म्हणाली, "अगं, ते साम्युएलच्या भावाचं. पहिल्या महायुद्धात गेला, प्रेत आलंच नाही बिचाऱ्याचं, म्हणून नुसतं झाड."

एकाच झाडाची दोन उत्तरं, आणि दोन्ही तयार ठेवल्यासारखी. तुला आजोबांनी यातलं कोणतं दिलं होतं, ते कळव.

मागाली

—

ला फाब्रेग, १ नोव्हेंबर

एव्हलीन,

खेचर. आजोबांनीही तुला तेच सांगितलं होतं, म्हणजे एमीलकाका त्यांचंच उत्तर देतायत.

आज सुट्टी आहे. खालच्या गावात कॅथलिक लोक कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतायत. आपल्याकडे कोणी कबरीवर काही ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी मी साम्युएलच्या झाडाखाली डेझी ठेवल्या तर आजोबांनी उचलून शेळ्यांना घातल्या होत्या. म्हणून जे सापडलं ते आधी लिहिते. भिंतीजवळच्या झाडाच्या बुंध्याशी, गवताखाली, गोटे आहेत. नदीतले, गुळगुळीत, मुठीत मावतील एवढे. आपल्या मळ्यातला दगड पाटीसारखा फुटतो, असा गोल नसतो. नदी खाली आहे. ते कोणीतरी एकेक करून वर आणले आहेत. वरचे नवे आहेत, त्यांच्यावर शेवाळ नाही. इतर चार झाडांखाली एकही नाही.

आता लाकूड. पोकळ गिरमिट खोडात फिरवलं की पेन्सिलीएवढी कांडी बाहेर येते आणि तिच्यावर सगळी वलयं दिसतात. झाडाला विशेष इजा होत नाही. चेस्टनटच्या रोगासाठी मी हे रोजच करते. एमीलकाका भिंतीपलीकडून ओरडले, "काय गं, झाडाला इंजेक्शन? ताप आलाय का त्याला?" मग कोणतं झाड ते त्यांना दिसलं. भिंत ओलांडून आले आणि हळू म्हणाले, "त्याला हात लावू नकोस, पोरी." खेचरासाठी माणूस अशी भिंत ओलांडत नाही.

सायप्रसच्या लाकडावर सरळ विश्वास ठेवता येत नाही. उन्हाळा कोरडा जाऊन शरदात पाऊस आला की ते एकाच वर्षात दोन वलयं करतं. आम्ही त्याला खोटं वलय म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कड पुसट दिसते, खऱ्याची सुरीनं कापल्यासारखी. खोटी वगळली. छप्पन्नच्या फेब्रुवारीत थंडीनं या खोऱ्यातली ऑलिव्हची झाडं मारली, त्या वर्षाचं वलय इथल्या प्रत्येक जुन्या झाडात चिमटलेलं असतं. तिथून आत मोजत गेले. पडताळा म्हणून साम्युएलच्या झाडाचीही कांडी काढली. ते छत्तीस सालचं निघालं, आणि पणजोबा छत्तीसमध्येच गेले. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

भिंतीजवळचं झाड त्रेचाळीसच्या हिवाळ्यातलं आहे. चूक झाली तरी वर्षाची, दशकाची नाही.

त्या हिवाळ्यात या घरात दोनच माणसं राहत होती: नोएमी, म्हणजे कागदावरची मेमे, वय एक्कावन्न, विधवा, आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा आबेल. आबेल पुढे पन्नास-पंचावन्न वर्षं जगले. पुढचं वाक्य मी लिहीत नाही. तू ते एकोणीस वर्षांपूर्वी बोलून बसली आहेस.

पण तू हे सांगितलं नाहीस की मग ही कोण आणि तिनं काय केलं. मी काही शक्यता मांडून पाहिल्या. एकही चांगली नव्हती. काल तिनं चेस्टनटचं सूप माझ्यापुढे ठेवलं, आणि ती आधी चमचाभर पिईपर्यंत मी थांबले. तिनं ते पाहिलं. म्हणाली, "मीठ कमी आहे, विष नाही."

मागाली

—

ला फाब्रेग, ९ नोव्हेंबर

एव्हलीन,

जे बोलणं झालं ते शक्य तेवढं जसंच्या तसं लिहिते.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात चेस्टनट सोलत होती. एमीलकाका चुलीपाशी. मी कांडी मेजावर ठेवली आणि विचारलं, "मेमे, भिंतीजवळच्या झाडाखाली कोण आहे?"

हात थांबले नाहीत. "एमील सांगत होता, तू त्याला भोक पाडलंस."

"कोण आहे?"

"नोएमी."

"मग तू कोण?"

"मीही नोएमी. ती एक्कावन्न वर्षं होती, मी एकसष्ट वर्षं आहे. तू शिकलेली आहेस, सांग बघू, जास्त कोण?"

एमीलकाका म्हणाले, "झालं. आता लिओंच्या डॉक्टरची गरजच नाही."

मग त्यांनी आळीपाळीनं सांगितलं. त्रेचाळीसच्या शरदात पास्टरसाहेबांनी एका बाईला इथे स्वयंपाकाला म्हणून आणून ठेवलं. सदतीस वर्षांची ज्यू बाई, घरचे सगळे पकडले गेलेले. डिसेंबरात खऱ्या नोएमीला न्यूमोनिया झाला. बर्फ होतं, डॉक्टर पोचला नाही. आपल्यात मेलेलं माणूस स्वतःच्या जमिनीत जातं, दफनभूमीच्या रखवालदाराला विचारावं लागत नाही. म्हणून ते मरण कोणी वर कळवलंच नाही. खड्डा एमीलकाकांनी खणला, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. नोएमीचं नाव आणि रेशन कार्ड त्या बाईला मिळालं. फोटो पास्टरनं बदलला. पन्नाशीची दिसावी म्हणून ती केसांना राख चोळायची. आठवड्याभरानं पोलीस आले, तेव्हा आबेलनं त्यांच्यासमोर तिला हाक मारली, "आई, शेळ्या आत घेऊ का?"

"लढाई संपल्यावर सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"कोणाला? माझं नाव ज्यांनी ठेवलं ते परत आले नाहीत. आणि आबेल गोठ्यातून आई म्हणून हाक मारायचा. मी काय ओ द्यायची नाही?"

"आम्हाला वाटलं होतं, जाईल ऐंशीला," एमीलकाका म्हणाले. "मग म्हटलं, नव्वदीला. कागदावर चौदा वर्षं जास्तीची, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं? ही मरायचं नाव घेईना. दर जानेवारीला मेयर केक घेऊन येतो आणि माझ्या पोटात गोळा उठतो."

"गोळ्यावर चार तुकडे रचतोस," मेमे म्हणाली.

म्हणजे ती अठ्ठ्याण्णवची आहे. शंभराचीही नाही.

गोट्यांबद्दल विचारलं. "आमच्यात फुलं ठेवत नाहीत. दगड ठेवतात." 'आमच्यात' हा शब्द तिच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. या अर्थानं पहिल्यांदाच ऐकला.

मग तुझा विषय मी काढला. तिला विचारलं, "त्या वाढदिवसाला तू मेजाच्या टोकाला बसली होतीस, आजोबा माझ्या आईला वेडी म्हणाले, तेव्हा तू काय केलंस?" आता मात्र तिचे हात थांबले.

"केक कापला," ती म्हणाली.

एमीलकाका चुलीकडे बघत राहिले. शेवटी मी तिचं खरं नाव विचारलं.

"ते तुला नाही सांगणार."

"का?"

"तुझ्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी नंबर आहे."

आता माझं मत. झाड एवढंच सांगतं की त्या हिवाळ्यात तिथे रोप लागलं. या दोघांची गोष्ट एकमेकांना फार नीट जुळते, आणि साठ वर्षं घासूनपुसून ठेवलेल्या गोष्टी जुळणारच, त्यामुळे मी तेवढ्यावर जात नाही. पण तू अंघोळ घालताना जे पाहिलंस ते तुला यांच्यापैकी कोणी पढवलेलं नव्हतं. म्हणून या सगळ्यात तुझी साक्ष मी सर्वांत वर धरते. हे तुला कळवायला हवं होतं.

अडचण पुढेच आहे. एमीलकाका मला दारापर्यंत सोडायला आले. "वीस तारखेला गप्प राहा. रक्त द्यायचं नाही, म्हणावं धर्मात बसत नाही."

"आपल्या धर्मात असं कुठे आहे?"

"लिओंच्या माणसाला काय कळतंय?" मग म्हणाले, "आबेल चौदाव्या वर्षी पोलिसांसमोर उभा राहिला, पोरी. त्याला आता पेपरात खोटारडा ठरवायचं का?"

मी बोलले नाही तर आबेल आजोबा शूर राहतात आणि तू वेडी राहतेस. बोलले तर उलट. दोन्ही एकदम होणारी तिसरी वाट मला दिसत नाही. तू सांगशील तसं करीन, असं लिहायला घेतलं होतं, पण तसं वचन मी देऊ शकत नाही.

मागाली

—

ला फाब्रेग, २१ नोव्हेंबर

एव्हलीन,

तुझं उत्तर आलं नाही. कदाचित वाटेत असेल. काल ते येऊन गेले.

डॉ. व्हर्दिये घरात येण्याआधी एकटेच मळ्यात चक्कर मारून आले. बुटांना चिखल होता, त्यावरून मला कळलं. स्वयंपाकघरात मेमे, एमीलकाका, केकचा खोका मांडीवर घेतलेला मेयर आणि मी. कांडी नळीत घालून मी कोटाच्या खिशात ठेवली होती. बाहेर काढायची की नाही ते ठरवलं नव्हतं.

डॉक्टरांनी इतर काही विचारलंच नाही. माझ्याकडे वळले. "मादमोआझेल, वर पाच सायप्रस आहेत. मला नावं चार मिळाली आहेत. तुम्ही झाडांतल्या जाणकार, म्हणून तुम्हालाच विचारतो. भिंतीजवळचं कोणाचं?"

मी म्हणाले, "खेचराचं."

आबेल आजोबांनी तुला दिलेलं उत्तर. माझा आवाज अजिबात कापला नाही. खिशातल्या नळीवर हात होता आणि मी डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघत होते. एमीलकाकांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"आमच्याकडे खेचर कधी नव्हतं," मेमे म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळले.

"शेळ्या होत्या. शेळीसाठी कोणी झाड लावत नाही, डॉक्टर. तिथे नोएमी रूव्हियेर आहे. त्रेचाळीसपासून. या खोलीत तिला ओळखणारे आम्ही दोघंच, एक मी आणि एक हा केकखाऊ."

मेयर म्हणाला, "मादाम, तुम्हाला थोडं पडायचंय का?"

"तू पड, तुझाच चेहरा उतरलाय."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "सप्टेंबरमध्ये तुम्ही मला म्हणाला होतात, माझी नात मला आजी मानत नाही, तिला विचारा. तेव्हापासून मी त्याच वाक्यावर अडलो आहे."

म्हणजे सहज कानावर आलं नव्हतं. तूही कळवलं नव्हतंस. मी महिनाभर तुझ्यावर, एमीलकाकांवर, सिल्वेटवर संशय घेतला आणि ही माझ्यासमोर बसून चेस्टनट सोलत होती.

"तूच सांगितलंस," मी म्हटलं.

"कोणीतरी विचारायला हवं होतं."

"मग त्या रविवारी मला का नाही सांगितलंस? आज सकाळपर्यंत का थांबलीस?"

ती डॉक्टरांना विसरल्यासारखी माझ्याकडे वळली. "एक पोरगी खरं बोलली, तिला या घरातून जाऊ दिलं. दुसरी आज माझ्यासाठी खोटं बोलली, आणि काय सफाईनं बोललीस गं. थेट आबेल. मला ते ऐकवलं नाही."

एमीलकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "खड्डा मी खणला. झाडही मीच लावलं. आबेलला यात खोटारडा लिहायचं नाही. तो फक्त आईला हाक मारत होता." डॉक्टर म्हणाले, बरं. आबेलचं नाव त्यांनी विचारून, अक्षरं लावून लिहून घेतलं. तिसरी वाट असेल तर ती अशी काहीतरी असावी. मला ती सुचली नव्हती.

मेयरनं विचारलं, "म्हणजे आता वय किती धरायचं?"

"अठ्ठ्याण्णव," मेमे म्हणाली.

"अठ्ठ्याण्णव?" एमीलकाका म्हणाले. "पोरगीच की मग. उगाच इतकी वर्षं उठून खुर्ची देत आलो."

शेवटी डॉक्टरांनी जे विचारायचं ते विचारलं. "नोएमी तिकडे आहेत. मग तुम्ही कोण, मादाम? तुमचं नाव काय?"

ती म्हणाली, "ते आधी एव्हलीनला सांगणार. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं."

"आणि त्या आल्या नाहीत तर?"

"मला घाई नाही."

ते निघून गेले, रक्त न घेता. केक राहिला. तिनं तो कापू दिला नाही, फडक्याखाली झाकून ठेवला आहे.

आलेसपर्यंत रेल्वे आहे, पुढे मी खात्याची गाडी घेऊन येईन. ती म्हणते घाई नाही. आज पहाटे ती एक गोटा घेऊन मळ्यात निघाली होती आणि अर्ध्या वाटेत, भिंतीला हात टेकून, बराच वेळ उभी राहिली. मी खिडकीतून पाहिलं. घाई नाही, या तिच्या वाक्यावर माझा विश्वास नाही.

लवकर ये.

मागाली